पोपटी भिंतीचा तिसरा हात

नव्या घरात शिरताना संभाजी चपला बाहेर काढायचा. फरशी बसलेली नसली तरी.

आत गेला की बोटाच्या पेरानं भिंत ठोकायचा. छातीच्या उंचीला, हातहात अंतरावर, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. ठोकायचा आणि मान कलती करून ऐकायचा.

डबा उघडला की रंगाचा पहिला ठिपका डाव्या अंगठ्याच्या नखावर. ते नख घेऊन उन्हात जायचा, सावलीत यायचा, मग दिव्याखाली धरायचा. ब्रश भिजायचा तो त्यानंतर.

प्राइमर मारण्याआधी भिंतीच्या पायाशी पेन्सिलीनं तारीख लिहायचा. ती रंगाखाली जायची. कुणासाठी लिहितो, असं विचारलं तर म्हणायचा, भिंतीसाठी.

काम चालू असताना कुणाला गाणी लावू द्यायचा नाही. मोबाइल पिशवीत, पिशवी दाराच्या कडीला.

चहा उंबऱ्यात उभा राहून प्यायचा. पंगतीत दाराजवळचं पान धरायचा. एसटीत दारालगतची सीट रिकामी नसेल तर उभा राहायचा.

घाबरला की मिशीचं उजवं टोक दातात धरायचा. त्यामुळे ते डाव्यापेक्षा आखूड होतं.

संभाजी भित्रा होता. हे तो स्वतःच सांगायचा. सापाला, विजेला, कुत्र्याला भ्यायचा नाही. त्याच्या आज्याची मेंढरं होती, बापानं अर्धा जन्म माळावर काढला होता. उघड्यावर निजायला त्याला काही वाटत नसे. तो घरांना भ्यायचा. लोकांच्या चांगल्या, पक्क्या, स्लॅबच्या घरांना.

त्याला कारण होतं. सतराव्या वर्षी तो बारामतीला एका रंगाऱ्याच्या हाताखाली लागला. आता बावन्न वर्षांचा होता. मालक आपल्या भिंतीला क्वचितच हात लावतो. गवंड्याचा हात एकदा फिरतो आणि प्लास्टरखाली जातो. रंगाऱ्याचा हात मात्र प्रत्येक वितीवरून पाचसहा वेळा जातो. पॉलिश पेपर घासताना, पुट्टी ओढताना, मग एकेक हात देताना. रंगाच्या थराला ते लोक हात म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. भिंत कुठं फुगली आहे, कुठं पोकळ आहे, कुठं ओल धरते, हे संभाजीला न बघता कळायचं. कळलं की त्याची झोप जायची. निमगाव केतकीच्या आपल्या दोन खोल्यांत तो कूस बदलत राहायचा आणि त्याची बायको सारजा म्हणायची, "कुणाचं घर घिऊन आलाय आज?"

चार वर्षांपूर्वी लोणी देवकरला त्यानं एका कंपनीतल्या कामगाराचं घर रंगवायला घेतलं होतं. मागच्या खोलीची भिंत त्याला पोकळ वाजली. दोन रात्री तळमळून त्यानं शेवटी सांगून टाकलं, हितं निजू नका. त्या माणसानं भिऊन बायकापोरांना सगळा पावसाळा सासुरवाडीला ठेवलं. पावसाळा गेला. भिंत जागची हलली नाही. तेव्हापासून बारामती ते इंदापूर रस्त्यावर संभाजीचं नाव भेगातात्या पडलं. लग्नकार्याचं घर असलं की लोक दुसरा रंगारी बघू लागले. शुभ कामाच्या तोंडावर घरात असलं बोलणं कुणाला नको असतं.

मग एप्रिलमध्ये भवानीनगरजवळच्या मानसिंगरावांनी त्याला बोलावलं. त्यांनी म्हणजे त्यांच्या मुलीनं, राजनंदिनीनं. ती बारामतीला नोकरी करायची, दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहायची. तिची तिथली अंधारी खोली संभाजीनं दोन वर्षांपूर्वी रंगवली होती. एक भिंत हळदी, बाकी पांढऱ्या. खोलीत दिवसा दिवा लावणं बंद झालं होतं. तेव्हापासून ती त्याला काका म्हणायची आणि वाटेत भेटला की थांबून बोलायची.

मानसिंगरावांनी जुन्या घराला लागून नवा हॉल बांधला होता. दिवाळीत स्लॅब ओतला. आता राजनंदिनीचा साखरपुडा ठरला होता, तोही याच हॉलमध्ये. इंदापूरचे पाहुणे येणार होते. लांब भिंतीसमोर दोन खुर्च्या मांडायच्या, तिथेच अंगठ्या घालायच्या, तिथेच फोटो.

राजनंदिनीनं फोनवर चित्र दाखवलं. कुठल्याशा शहरातली बैठकीची खोली. एक भिंत झगझगीत पोपटी, पिवळ्याकडे झुकलेली. बाकी सगळं पांढरं आणि राखाडी. संभाजीनं फोन उन्हात नेला, सावलीत आणला. चित्रावर त्याचा भरवसा नव्हता. तो मागच्या रानात गेला आणि उसाचा एक पोंगा, शेंड्यातलं गुंडाळलेलं कोवळं पान, उपटून घेऊन आला. पान उलगडून त्यानं भिंतीला लावलं.

"ह्यो?" त्यानं विचारलं.

"हाच," राजनंदिनी म्हणाली.

तिला एकच भिंत रंगवायची होती. मानसिंगरावांना ते पटेना.

"एकच?" ते म्हणाले. "पाहुणं म्हणतील, रंग पुरला न्हाय."

"चारी भिंतींना दिला तर पाहुणं काविळीगत दिसतील, राव," संभाजी म्हणाला. "नवरदेव बी."

प्रयागबाई, राजनंदिनीची आई, पदर तोंडाला लावून हसल्या. तिथं ते मिटलं.

संभाजीनं त्या रंगाबद्दल मायलेकींना बरंच सांगितलं. हा रंग अंगावर उडी मारतो. त्याच्यासमोर पांढरा पडदा हवा, रंगीत नको. पितळेची समई शोभेल, स्टीलचं काही ठेवू नका. ट्यूबलाइट लावली तर भिंत औषधासारखी दिसेल. पिवळा दिवा लावा, मग ती ऊन पडल्यासारखी दिसेल. सागवानी दार आहे ते तसंच राहू द्या, त्याला पांढरं करू नका. आणि एक गोष्ट. हा रंग झाकत नाही. गडद निळा किंवा तपकिरी रंग एका हातात भिंतीचं सगळं पोटात घेतो. हा घेत नाही. खाली डाग असला तर डाग दाखवतो, ओरखडा असला तर ओरखडा. म्हणून खाली पांढराशुभ्र लेप हवा आणि वर तीन हात.

तो कामाला लागला तेव्हा उसाला पाण्याची पाळी चालू होती. कॅनॉलच्या चारीतून पाणी येत होतं, मागच्या रानात माणसं दारं धरत, सरीसरीत पाणी वळवत होती. पहिल्याच दिवशी लांब भिंत ठोकताना डाव्या कोपऱ्याजवळ त्याला केसाएवढी भेग दिसली. पायापासून तिरकी वर चढत बीमपर्यंत गेलेली. विटांच्या सांध्यासांध्यातून, पायऱ्यापायऱ्यांनी.

नव्या प्लास्टरला भेगा पडतातच. त्यानं ती खरवडली, पुट्टी भरली, भेग हलते का ते कळावं म्हणून वरून आडवी पट्टी ओढली आणि शेजारी तारीख घातली. संध्याकाळी पट्टी तडकलेली होती. त्यानं पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा तडकली.

तिसऱ्या दिवशी पाणी बंद झालं. पट्टी टिकली. आठ दिवस टिकली. संभाजीनं पांढरा लेप दिला, पहिला हात दिला. भिंत उजळली. दुपारी दारातून ऊन आलं की छताच्या पांढऱ्यावरही कोवळी झाक पडायची. प्रयागबाई येऊन बघून जायच्या आणि म्हणायच्या, घरात रान आलंय.

नवव्या दिवशी उन्हानं ऊस माना टाकायला लागला. मानसिंगरावांनी सकाळी शेततळ्याची मोटर चालू केली. साडेतीनच्या सुमारास संभाजी वरचा भाग घासत होता. त्याला बारीक आवाज आला. वाळलेली काडी मोडावी तसा. त्यानं खाली बघितलं. पोपटी रंगातून एक रेघ वर येत होती.

तो उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. बराच वेळ.

मग त्याच्या डोक्यात आलं. सकाळी पाणी, दुपारनंतर भेग. तिन्ही वेळा.

तो बाहेर आला. हॉलच्या उजव्या अंगाला, रस्त्याकडे, पाइपलाइनचा चेंबर होता. सिमेंटचा छोटा चौकोन, आत वॉल्व. चारीचं पाणी असो की शेततळ्याचं, इथूनच रानात जायचं. डाव्या अंगाला, रानाच्या बांधावर, पाणी बाहेर पडायचं तोंड होतं. रंगारी भिंतीवर सरळ रेघ मारायला सूत वापरतात. संभाजीनं ते पिशवीतून काढलं. एक टोक चेंबरला बांधलं, पुढच्या दारातून आत नेलं, हॉलमधून, डाव्या बाजूच्या खिडकीतून बाहेर, बांधावरच्या तोंडापर्यंत. ताणून धरलं आणि आत येऊन बघितलं. सूत लांब भिंतीच्या डाव्या कोपऱ्यालगत, भेगेच्या पायाच्या बरोबर वरून जात होतं.

हॉल जुन्या पाइपलाइनवर उभा होता.

त्यानं सूत गुंडाळलं. मिशीचं उजवं टोक दातात होतं.

भिंतीला कॉलम नव्हते. जुन्या घराला चिकटूनच आहे म्हणून कॉन्ट्रॅक्टर ऋषिराजनं विटांवरच स्लॅब टेकवला होता. खाली काळी माती. पाइप कुठंतरी गळत होता आणि प्रत्येक पाळीला पायाखालची माती थोडी थोडी लोणी होत होती.

संभाजीनं आधी ऋषिराजला गाठलं. तो तिशीचा, बोलायला गोड. त्यानं मोबाइलच्या उजेडात भेग बघितली, नखानं खरवडली. प्लास्टर आकसलं आहे म्हणाला. मग संभाजीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भेगातात्या, रंग द्या. भिंत माझ्यावर सोडा." पाइपचं संभाजीनं सांगितलं तेव्हा त्यानं मानसिंगरावांकडे बघितलं. मानसिंगराव दारात उभे होते, दुसरीकडे बघत होते. ऋषिराज गाडीला किक मारून गेला.

मानसिंगरावांशी समोरासमोर बोलायला संभाजीला तीन दिवस लागले. तीन दिवस त्यानं बाकीच्या भिंती केल्या, खिडक्यांना टेप लावली, काढली. रोज निमगावहून येताना वाक्य तयार करायचा. चारीवर पोचेपर्यंत ते विसरायचा. आपण चुकलो तर काय, ही एक भीती. बरोबर निघालो तर काय, ही दुसरी. दुसरी मोठी होती, पण पहिली जवळची होती.

शेवटी सोमवारी सकाळी गोठ्यात त्यांना एकटं गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाइप तिथं आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या वडिलांच्या वेळची लाइन. हॉल रस्त्याकडे हवा होता, दुसरी जागा नव्हती, आणि लाइन फिरवायची तर एक पाळी बुडाली असती. तीन फूट खोल आहे, तिचं काय होतंय, असं त्यांनी तेव्हा मनाशी म्हटलं. ऋषिराजला सांगितलंच नाही.

"पोरीला बोललाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"बोलू नका."

"गुरवारी पाळी हाय नव्हं?"

"हाय. आठला चारी सुटती."

"गुरवारीच साखरपुडा हाय, राव. तेवढी एक पाळी सोडून द्या."

"ऊस बघितला का तुमी? पुढली पाळी मे महिन्यात. सोडून द्या म्हनं."

"मंग मानसं भाईर बसवा."

"हॉल कशाला बांधला?" मानसिंगराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "लोणी देवकरची भिंत हाय का उभी?"

"हाय."

"मंग."

संभाजी परत हॉलमध्ये आला. भेग भरली. दुसरा हात दिला. मंगळवारी रंग वाळला तेव्हा भेगेची जागा दिसत होती. रेघ नव्हती, नुसती सावली. लक्ष नसेल तर दिसली नसती. संभाजीला भिंतीवर दुसरं काही दिसेना.

त्या रात्री तो जेवला नाही. सारजानं विचारलं, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच घराचं नाव सांगितलं. ती डाळिंबाच्या गोदामात फळं निवडायला जायची. बोटांनी दाबून आतलं किडकं फळ ओळखायची. तिनं त्याला खोटा ठरवलं नाही. एवढंच म्हणाली की उद्या सामान उचला, मजुरी गेली तर गेली, परत त्या घरात पाय ठेवू नका. तो म्हणाला, मी निघालो तर दुसरा येऊन तिसरा हात देईल आणि पन्नास माणसं तिथं बसतील. त्यातली पोर मला काका म्हणते.

बुधवारी राजनंदिनी बारामतीहून आली. भिंतीसमोर उभी राहिली. तिला रंग एवढा आवडला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हिरव्या उजेडात तिचे हात, तिची ओढणी, सगळं नवं दिसत होतं. संभाजी मागे उभा होता. त्यानं तिला बाहेर, चिंचेखाली बोलावलं आणि सांगितलं. पाळी, पाइप, सूत, तीन वेळा तडकलेली पट्टी. वडील काय म्हणाले ते मात्र सांगितलं नाही.

तिनं सगळं ऐकलं.

"काका, तुमची खात्री आहे?"

"न्हाय," तो म्हणाला. "खात्री असती तर भ्यालो नसतो, बाय. हाताला धरून एकेकाला भाईर काढलं असतं."

ती भिंतीकडे बघत राहिली. दारातून तिचा तुकडा दिसत होता. मग म्हणाली, "तिसरा हात उद्या सकाळी द्या. मी बघते."

गुरुवारी संभाजी सातला आला. आठला चारी सुटली. पाइपमधून पाणी शिरल्याचा घोगरा आवाज त्यानं पायांनी ऐकला. त्यानं घोडा लावला, म्हणजे चढायची लाकडी घडवंची, आणि उजव्या टोकाकडून सुरुवात केली. डाव्या कोपऱ्याकडे त्याचं पाऊल वळत नव्हतं. दहापर्यंत तो भिंतीतल्या खिडकीशी आला. खुर्च्या मांडायच्या तेवढी भिंत ओली झाली होती. तो थांबला, घोडा ढकलून बाहेर आला आणि दाराला आडवी दोरी बांधली.

प्रयागबाईंनी कपाळावर हात मारला. आजच का, कालच का नाही, असं विचारून झालं. राजनंदिनीनं शालूचा पदर धरून दाखवला आणि म्हणाली, ह्याला हिरवा डाग पडला तर काय करायचं? दोघी पाहुण्यांच्या आधी चिंचेखाली सतरंज्या घालायला धावल्या. मानसिंगराव संभाजीकडे आले. काहीतरी लागेल असं बोलणार होते. अंगणात गाड्या वळायला लागल्या, म्हणून बोलले नाहीत. तसेच पुढे गेले आणि पाहुण्यांना हात जोडले.

साखरपुडा चिंचेखाली झाला. अंगठ्या घातल्या गेल्या. वाऱ्यानं फोटोवाल्याचा पांढरा कपडा उडून गेला, दोनदा. ऊन कलत गेलं तशा सतरंज्या सरकवल्या. संभाजी हॉलच्या उंबऱ्यात, बाहेर पाय सोडून, दोरीला पाठ करून बसला होता. बायका आत डोकावायला यायच्या. रंग ओला आहे, असं तो सांगायचा. त्या मान लांब करून बघायच्या, छान म्हणायच्या. नवरदेवाची आई म्हणाली, आमच्याकडे पण हाच द्या. संभाजी हो म्हणाला. त्याचे कान आत होते.

एक वाजला. दोन वाजले. पंगती उठल्या. भिंतीतून काडी मोडल्याचा आवाज आला नाही.

त्यानं दोनदा आत जाऊन बघितलं. दाराशी उभा राहूनच. भेगेच्या जागी सावली होती तशीच होती. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा ती त्याला कमी झाल्यासारखी वाटली.

तीनला पाहुणे निघाले. ऋषिराज जेवायला आला होता. गाडीवर बसता बसता त्यानं चारचौघांत विचारलं, "काय भेगातात्या, पडली का भिंत?" लोक हसले. ज्यांना काही माहीत नव्हतं ते जास्त हसले. मानसिंगरावही हसले, उशिरा. मग जवळ येऊन हळू म्हणाले की नवरदेवाचे मामा सकाळी येऊ शकले नाहीत, सहाला चहाला येतील, त्यांना तरी हॉलमध्ये बसवू द्या. कोपरा तेवढा पुरा करा आणि हिशोब घेऊन जा.

संभाजीला लोणी देवकरची ती खोली आठवली असेल. चार महिन्यांनी माहेराहून परत आलेली त्या कामगाराची बायको, तिचं गाठोडं, तिनं त्याच्याकडे बघितलं ती नजर. ती नजर त्यानं सारजाला अनेकदा सांगितली होती. आता ती पुन्हा निमगावपर्यंत येणार होती. ह्या वेळी तर त्यानं एका पोरीला तिच्या साखरपुड्याला नव्या घरात बसू दिलं नव्हतं.

सकाळी पाणी, दुपारनंतर भेग. हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या कुणालाही नसेल एवढं माहीत होतं. पण आता भिंत त्याला साधी वाटायला लागली होती. पुट्टीची, रंगाची, कुणाच्याही घरची. आणि सहाला तिथं माणसं बसणार होती. कोपरा आपणच एकदा हातानं बघावा, असंही त्याच्या मनात आलं असेल. कुणास ठाऊक.

त्यानं दोरी सोडली. डब्यातला रंग काठीनं ढवळला.

राजनंदिनी अंगणात सतरंजीची घडी घालत होती. तिनं बघितलं आणि ती हातातलं टाकून आली.

"काका, उद्या करा ना."

"एवढा कोपरा राह्यलाय. अर्ध्या तासाचं काम."

"पाणी चालू आहे अजून."

"व्हय," तो म्हणाला. जरा लाजल्यासारखा हसला. "तू जा. शालूला लागंल."

ती दारात थांबली. तो घोडा उचलून खिडकीच्या पलीकडे गेला, डाव्या कोपऱ्यात. चढला. तिकडून तिच्याकडे पाठ होती. प्रयागबाईंनी तिला हाक मारली, तिचे दागिने कुठं ठेवले म्हणून. ती घराकडे वळली. सातआठ पावलं गेली असेल.

आवाज मोठा नव्हता. ट्रॉलीतून विटा ओतल्यासारखा. मग धूळ.

मानसिंगराव अंगणाच्या टोकाला होते. ते हॉलकडे धावले नाहीत. चेंबरकडे धावले. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वॉल्व फिरवत राहिले. वॉल्व बंद झाला तरी फिरवत राहिले. राजनंदिनीनं ते बघितलं. त्या बघण्याला नंतर कुणी नाव दिलं नाही, तिनंही नाही.

शेजारच्या रानातली माणसं आली. कोपरा आणि त्यावरचा स्लॅबचा तुकडा खाली आला होता. त्याला बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. बारामतीच्या वाटेवर गाडीत तो एकदा बोलला. पोर कुठाय, असं विचारलं. भाईर हाय, असं कुणीतरी सांगितलं. दवाखाना यायच्या आधी तो गेला.

सारजा रात्री आली नाही. सकाळी आली. तिनं मानसिंगरावांना काही विचारलं नाही. हॉलसमोर उभी राहिली. मग चपला काढल्या आणि वाकून विटांच्या ढिगातून त्याची पिशवी शोधू लागली. पिशवी दाराच्या कडीला होती. राजनंदिनीनं काढून दिली.

लांब भिंत खिडकीपर्यंत अजून उभी आहे. सकाळचं ऊन पडतं तेव्हा ती बारामती रस्त्यावरूनही दिसते. उजवीकडून तिसरा हात भरून, सारखा, गडद आला आहे. खिडकीच्या चौकटीशी रोलरची कड सरळ उभी थांबते. खाली पडलेल्या विटांवर दोनच हात आहेत.